गेटबाहेरचे पंचावन्न मिलिमीटर

गाडीतला तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या गेटपासून जेमतेम दोनशे मीटर गेलो होतो. मोशीतून निघोज्याला, सातच्या पहिल्या शिफ्टला. दिव्याबरोबर समोरच्या पट्टीवर सूचना आली की हेडलाइटची पातळी तपासून घ्या. सकाळचे सहा पस्तीस झाले होते, चांगलं उजाडलं होतं आणि हेडलाइट बंद होते. जे बंद आहे त्याची पातळी काय तपासायची, असं म्हणून मी तसाच पुढे गेलो.

त्या दिवशी ओव्हरटाइम झाला आणि परतताना अंधार पडला. दिवे लावले, तर उजेड बोनेटपुढे दहा फुटांवर पडून राहिला. त्यापुढचं काही दिसेना. कुरुळीच्या फाट्यापासून घरापर्यंत मी एका कंटेनरच्या मागे, त्याच्या लाल दिव्यांच्या भरवशावर आलो. कंटेनर इंधन भरायला वळला असता, तर मीही मागोमाग वळलो असतो.

आमच्या गाडीचे हेडलाइट स्वतःची उंची स्वतःच ठरवतात. मागे माणसं बसली की गाडीचं तोंड वर होतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो. तसं होऊ नये म्हणून मागच्या चाकाजवळ एक सेन्सर बसवलेला असतो. काडेपेटीएवढी काळी डबी, तिला बोटाएवढा दांडा आणि दांड्यापासून चाकाच्या आसापर्यंत एक पातळ काडी. आस वरखाली झाला की काडी दांडा हलवते आणि गाडी मागून किती दबली ते डबी सांगते. हे मला शोरूममधल्या माणसाने समजावलं. मग त्याने सेन्सरच बदलायला सांगितला आणि बदलला. पाचव्या दिवशी सकाळी दिवा परत लागला.

मग मी एक वही सुरू केली.

मी ज्या कंपनीत आहे तिथे माझं काम गेज रूममध्ये आहे. मोजायच्या साधनांनाच मोजायचं, हे ते काम. एखादा मायक्रोमीटर चुकतो तेव्हा तो कधी चुकतो हे लिहून ठेवलं की का चुकतो ते आपोआप कळतं, असा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. त्याच हिशोबाने मी वहीत अकरा रकाने आखले. तारीख, वेळ, किलोमीटर, टाकीतलं पेट्रोल, हवेतला गारवा, पाऊस, टायरमधली हवा, गाडीत माणसं किती, त्यांचं अंदाजे वजन, दिवा कुठे लागला, कुठे विझला.

बायकोने वही उघडून पाहिली. सातव्या नोंदीपाशी तिचं बोट थांबलं.

“अहो, हे अठ्ठावन्न कोण?”

“तुझी आई. अंदाजे लिहिलंय.”

“तिला दाखवू?”

“अगं, वजनाचा संबंध आहे. सेन्सर वजनावरच चालतो.”

“मग माझ्यापुढे काय लिहिलंय ते बघू,” असं म्हणून तिने पान उलटलं. तिथे मी दोन किलो कमीच लिहिलं होतं, म्हणून निभावलं.

पाच आठवड्यांत दिवा चौदा वेळा लागला आणि नोंदींतून एक विलक्षण गोष्ट निघाली. मला वाटत होतं, गाडी भरली की दिवा लागत असेल. झालं उलटंच. सासूबाई मागच्या सीटवर असताना दिवा एकदाही लागला नव्हता. रविवारी सगळे देहूरोडला बायकोच्या भावाकडे जायचो, चार माणसं आणि डब्यांच्या पिशव्या, तेव्हाही नाही. चौदाच्या चौदा वेळा गाडीत मी एकटा होतो.

“म्हणजे माझी आई गाडीला मानवते,” बायको म्हणाली. “तुम्ही मानवत नाही.”

“काहीतरीच बोलू नको. मागचा भाग हलका असला की होतं, एवढाच त्याचा अर्थ.”

“रविवारी गाडी मी चालवते, हा रकाना आहे का वहीत?”

तो नव्हता. पण मला तो लागेल असं वाटलं नाही. त्याऐवजी मी प्रयोग केला. वीस लिटरचे पाण्याचे तीन जार भरून डिकीत ठेवले, म्हणजे साठ किलो. चार दिवस दिवा लागला नाही. बायको शेजारणीला गॅलरीतून सांगत होती, “आईला रोज कंपनीत नेता येत नाही ना, म्हणून तिच्या वजनाचं पाणी नेतात.” पाचव्या दिवशी जार डिकीत आडवे झाले, मागचं कार्पेट भिजलं आणि प्रयोग संपला.

याच दिवसांत सोसायटीत दुसरं प्रकरण चालू होतं. ते गेटवरच्या स्पीडब्रेकरचं.

मी सोसायटीचा सचिव. सामान घरपोच देणारी मुलं बाइकवरून गेटातून सुसाट आत येत आणि शाळेची बस त्याच वेळी गेटाशी थांबे. एकदा एका पोरीची बॅग बाइकच्या हँडलला अडकून ती फरफटत दोन पावलं गेली. फक्त गुडघा खरचटला. त्यानंतर मी ब्रेकरचा ठराव मांडला. लोकांनी भीती घातली की गाड्या खालून घासतील. मी पार्किंगमधल्या एकोणतीस गाड्यांच्या माहितीपत्रकांतून जमिनीपासूनची उंची काढली, सगळ्यात बुटकी एकशे पासष्ट मिलिमीटर निघाली. ब्रेकर मी स्वतः उभं राहून पंचाहत्तर मिलिमीटरचा करून घेतला. खाली नव्वद मिलिमीटर मोकळे. एकही गाडी घासली नाही.

तक्रार केली ती फक्त तळमजल्यावरच्या काकांनी. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी त्यांची. जमिनीच्या बदल्यात त्यांना चार फ्लॅट मिळाले आणि गेटाजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचा हक्क त्यांनी स्वतःच घेतला. मागच्या सभेत ते उभे राहिले.

“सायेब, तो तुमचा उंचवटा आमाला सोसत न्हाई. स्कूटरवर मागं ही बसती, तिची कंबर धरती.”

“काका, गाडी खालून घासते का?”

“घासत न्हाई वो. आदळती. भायेर जाताना आदळती.”

“पंचाहत्तर मिलिमीटर आहे तो. मोजून दाखवू?”

“तुमी मोजलं आसंल. पर भायल्या अंगाला वावर खाली व्हतं आमचं. पानी थांबायचं न्हाई हितं, सगळं रस्त्याकडं पळायचं.”

वावर आता नाही, फरशी आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मीही हसलो. आणि मग मी एक वाक्य बोललो, जे मीच इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे: ‘सचिवांनी स्पष्ट केले की, घासणे मोजता येते, आदळणे मोजता येत नाही, सबब तक्रार दाखल करता येत नाही.’ काकांनी मग लेखी अर्ज दिला की ब्रेकर काढून टाका. तो पुढच्या सभेत चौथा विषय म्हणून आला. सभा रविवारी होती.

आदल्या दिवशी, शनिवारी, मी गाडी घेऊन निघोज्यात एका गॅरेजवाल्याकडे गेलो. आमच्या कंपनीतली निम्मी माणसं त्याच्याकडे जातात. तो लातूरकडचा, आधी एका कारखान्याच्या लाइनवर सस्पेन्शन बसवायचा, आता पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम करतो. मी वही पुढे केली. त्याने ती आदराने घेतली, दोन पानं वाचली आणि बाकावर उलटी ठेवली.

“ह्यात सासूबाईचं वजन कशाला लिहायलाव साहेब?”

मी कारण सांगितलं. त्याने मान हलवली, गाडीला त्याचं यंत्र जोडलं आणि पडद्यावरचा आकडा दाखवला. डबीतून निघणारा व्होल्ट. गाडी उभी असताना तो अडीचच्या आसपास हवा. होता चार पूर्णांक सात.

“सेन्सर खराब?” मी विचारलं.

“सेन्सर खरं बोलायलाय. कुणीतरी त्याला उलटं धरलंय.”

त्याने गाडी लिफ्टवर चढवली. चाकं जमिनीवरून सुटली आणि लोंबकळली. बॅटरीच्या उजेडात त्याने मला ती काडी दाखवली. दांडा जिकडे झुकायला हवा त्याच्या बरोबर उलट्या बाजूला वळून अडकला होता. त्याने बोटाने दांडा सरळ केला. पडद्यावर आकडा अडीचवर आला. मग त्याने काडी खाली ओढली, आणखी थोडी ओढली आणि टक् असा बारीक आवाज झाला. दांडा परत उलटा. आकडा चार पूर्णांक सात.

मी त्याला ते तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा तोच आकडा.

“चाक जेवढं खाली लोंबकळायला पायजे त्याच्यापेक्षा जास्त लोंबकळायलंय,” तो म्हणाला. “काडीची ही पट्टी बगा, हिसके खाऊन वाकलीय. नवा सेन्सर घातला तरी ह्याच पट्टीवर घातला त्यांनी. वाटंत दुसरा हिसका बसला की दांडा सरळबी होतंय, मग दिवा विझतंय. तुम्ही रोज कुठून तरी उडी मारायलाव साहेब.”

“मी? उडी?”

“मागं माणूस बसलं की गाडी दबून ऱ्हाती, मग चाक एवढं सुटत नाही. एकटे असलात, घाईत असलात की सुटतंय. वरून खाली धपकन उतरायची जागा. सकाळच्या वाटंवर.”

वाट मी तोंडपाठ सांगितली. चौक, पूल, फाटा, कंपनीचं गेट. त्याने प्रत्येकाला नकारार्थी मान हलवली. चौदाही वेळा दिवा पहिल्या दोनशे मीटरांत लागला होता, आणि पूल तीन किलोमीटरवर आहे.

“दोनशे मीटरच्या आत काय हाय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “आमचं गेट.”

त्याने पट्टी सरळ करून, पक्की करून दिली, दांडा जागेवर बसवला, यंत्रातून शून्य लावून दिलं. निघताना एवढंच म्हणाला, “हळू उतरला तर परत होणार नाही. कुणाला सांगायचीबी गरज नाही.” हे शेवटचं वाक्य त्याने का जोडलं कोण जाणे. माझं तोंड बघून असेल.

परत येताना मी गाडी गेटाबाहेर उभी केली, डिकीतून टेप काढला आणि रस्त्याच्या बाजूने ब्रेकरशी गुडघे टेकले. ब्रेकर केला त्या दिवशी मी तो आतल्या बाजूने मोजला होता. गेटापर्यंत सोसायटी, गेटाबाहेर महापालिका. जो भाग आपला नाही तो मोजावा असं माझ्या मनातच आलं नव्हतं. गेज रूममध्ये नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी विचारतो की मोजायला सुरुवात कुठून केलीस ते आधी सांग.

आतून पंचाहत्तर. बाहेरून एकशे तीस. आतली फरशी रस्त्यापेक्षा पंचावन्न मिलिमीटर वर होती आणि तेवढी ब्रेकरच्या बाहेरच्या अंगाला मिळाली होती. आत येताना गाडी नुसती चढते. बाहेर जाताना पंचाहत्तर चढून एकशे तीस उतरते, आणि साडेसहाच्या घाईत मी तिथून काय वेगाने उतरत होतो ते माझ्या वहीत नव्हतं. तरीही कुठलीच गाडी घासणार नव्हती, माझा तो हिशोब चोख होता.

“सायेब, महापालिकेत नोकरी लागली काय?”

काका खुर्चीतच होते. मी उठून गुडघे झटकले.

“जरा बघत होतो, काका.”

“टेप धरून बघताय व्हय.” त्यांनी विचारलं, “किती भरलं?”

उत्तर तोंडाशी होतं. “नीट बघून सांगतो,” असं म्हणून मी गाडी आत घेतली. बाहेरून आत, म्हणून ती आदळली नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने शेंगा सोलता सोलता ऐकलं.

“म्हणजे काका खरं बोलत होते.”

“त्यांनी आकडा कुठे दिला होता?”

“कंबर दिली होती की.”

रात्री जेवताना मी मनातलं तिच्यापुढे मांडलं. गॅरेजवाला म्हणाला ते खरं होतं, हळू उतरलं तर भागणार होतं. सांगितलं तर काय होईल हे मला दिसत होतं. या सोसायटीत माझं ऐकतात ते माझा आकडा आजवर चुकला नाही म्हणून. टँकरच्या फेऱ्या, लिफ्टचं वजन, टाकीतलं पाणी, कुणी उलट तपासत नाही. हा आकडा पडला की पुढचा प्रत्येक आकडा तपासला जाणार. आणि ब्रेकरही जाणार. बाइकवाले परत सुटणार आणि बस तिथेच थांबणार. एका चुकीच्या मापापायी बरोबर केलेली गोष्ट उखडली जाणार, हे मला सगळ्यात जास्त टोचत होतं.

“नका सांगू मग,” बायको म्हणाली. “काका दोन दिवस बोलतील आणि विसरतील. त्यांनी टेप पाहिलाय तेवढा.”

तिने हे धीर द्यायला म्हटलं की टोमणा मारायला, ते मला अजून कळलेलं नाही.

सभा दहाला होती. गणपूर्ती नेहमीप्रमाणे झाली नाही, अर्धा तास तहकूब करून आहे त्या सोळा माणसांत परत सुरू केली. मागचं इतिवृत्त मीच वाचायचं असतं. आदळणे मोजता येत नाही, या वाक्याशी आलो आणि आवाज जरा घाईत निघाला. काका पुढच्या खुर्चीत, हात काठीवर ठेवून ऐकत होते. चौथा विषय आला तेव्हा मी त्यांचा अर्ज वाचला आणि कुणी काही बोलायच्या आधी सांगितलं.

“ब्रेकर बाहेरून एकशे तीस मिलिमीटर आहे. मी फक्त आतून मोजला होता. माझ्या गाडीचा सेन्सर त्यानेच बिघडला. आणि मागच्या वेळी मी म्हणालो की आदळणं मोजता येत नाही, तर ते मोजणारं यंत्र माझ्याच मागच्या चाकाजवळ बसवलेलं आहे आणि ते पाच आठवड्यांत चौदा वेळा मला सांगत होतं.”

 मग मागून कुणीतरी म्हणालं, “मग टँकरच्या फेऱ्या पण एकदा मोजून घेऊ,” आणि सगळे हसले. हे होणार होतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून लागायचं ते लागलंच.

“उखडून टाकू या,” दुसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले. “अर्ज तसाच आहे.”

काका काठीवर जोर देऊन उभे राहिले.

“थांबा की राव. अर्ज माजा हाय. पोरीचा गुडगा फुटला तवा मीच उचलली तिला. उखडू नका. आत घ्या त्याला, चार हात. थितं दोनी अंगाला जमीन सारकी हाय.”

“तुम्हाला कसं ठाऊक?” मी विचारलं.

“थितं आमचं खळं व्हतं. मळणीला बैल गोल फिरायला सपाट नगं?”

मी जाऊन पाहिलं. गेटापासून दोन मीटर आत पातळी दोन्हीकडे सारखी होती, फरक तीन मिलिमीटर. पाहुण्यांच्या पार्किंगचा पट्टा एक गाडीभर मागे सरकला, एवढंच नुकसान.

पुढच्या आठवड्यात जुना ब्रेकर फोडून नवा केला. टेपचं एक टोक काकांनी धरलं. आतून पंचाहत्तर, बाहेरून अठ्ठ्याहत्तर, आणि दोन्हीकडे लांब उतार. सिमेंट सुकायला आठ दिवस दोऱ्या बांधून ठेवल्या. दोऱ्या सोडल्या त्या सकाळी मी टेप घेऊन खाली उतरलो, तर काका स्कूटरवर बसलेले आणि मागे काकू, हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या.

“काका, हे काय?”

“तुमचं माप झालं. आता आमचं.”

ते ब्रेकरवरून बाहेर गेले, वळून आत आले. काकूंनी तांब्या माझ्यासमोर धरला. हातावर थोडं सांडलं होतं, चारदोन थेंब साडीवर.

“मोजा,” काका म्हणाले.

मी तांब्यात डोकावलो. पाणी काठाच्या किंचित खाली होतं. कंबर कशी आहे, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “हाय तशीच हाय. पर आता दुखली तर वयानं दुखती.” आणि उरलेलं पाणी त्यांनी ब्रेकरवर ओतलं, अजून आठवडाभर ह्याला पाणी पाजा म्हणून बजावलं.

गाडीतला दिवा त्यानंतर लागलेला नाही. वहीत आता बारावा रकाना आहे, कोण चालवतंय याचा, आणि बायको तो स्वतःच्या हाताने भरते. इतिवृत्तातलं ते वाक्य पुढच्या सभेत दुरुस्त करावं म्हणून मी काकांना मसुदा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला.

“चांगलं लिवलंय,” ते म्हणाले. “ते खाली लिवा. पर वरचं खोडू नका, ऱ्हाऊ द्या. दर सभंला वाचत जा.”